ताणलेला दोरा

काल दुपारी भाची लंडनहून लॉस एंजेलिसला निघाली आणि मी मोबाईलवर तिचं विमान बघत बसलो. जरा आडवं व्हायचं होतं, ते राहिलंच. नकाशावर इवलंसं पिवळं विमान. जायचंय कुठे, तर लंडनच्या कितीतरी दक्षिणेला, आणि नाक मात्र वर, वायव्येला. संध्याकाळी पाहिलं तर स्वारी ग्रीनलंडवर!

खरं तर मला दचकायचं काही कारण नव्हतं. लहानपणी घरात पत्र्याचा पृथ्वीगोल होता, बोट लावून लावून अर्धा पॅसिफिक पांढरा पडलेला. त्यावर आईच्या शिवणाच्या रिळाचा काळा दोरा धरून अंतरं मोजायचा मला नाद. एक टोक लंडनवर नखाने दाबायचं, दुसरं लॉस एंजेलिसवर, आणि ताणायचं. दोरा सुळ्ळकन वर सरकायचा, थेट ग्रीनलंडवर. खाली ओढला की अपुरा पडायचा, सोडला की पुन्हा वर. दादा म्हणायचा, "नीट धर की!" त्याने ॲटलासमध्ये पट्टी ठेवून ओढलेली रेघ अटलांटिक ओलांडून सरळ अमेरिकेतून आडवी जात होती. मोठा भाऊ आणि वर पट्टी, मग आमच्या दोऱ्याला कोण विचारतो?

दादाच्या रेघेने गेलं तर हजारभर किलोमीटर जास्त पडतात. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

माझी दुसरी खोड भागाकाराची. अंतर सुमारे 8,760 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900 धरू. म्हणजे पावणेदहा तास. वेळापत्रक म्हणतं अकरा. वरचा सव्वा तास कुणी खाल्ला? थोडा धावपट्टीकडे रांगण्यात जातो, थोडा चढण्या-उतरण्यात. बाकीचा वाऱ्याचा. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, तो जाताना छातीवर घ्यायचा आणि येताना पाठीवर. न्यूयॉर्क-लंडनचं तेच. रस्ता साधारण साडेपाच हजार किलोमीटरचा, पण लंडनकडे येताना तासभर लवकर. 2020च्या फेब्रुवारीत तर एक साधं प्रवासी विमान 5 तासांच्या आत लंडनला पोचलं होतं. वादळाने आणून सोडलं म्हणायचं.

आणि घड्याळाची तर गंमतच. भाचीच्या तिकिटावर निघायची वेळ सकाळी 10, पोचायची दुपारी 1. तिकीट वाचणाऱ्याला वाटावं, तीन तासांचा तर प्रवास! मधले आठ तास तिकिटाने गिळले. परतताना ते व्याजासकट वसूल होतात, रात्र एकदम गायबच होते. "मामा, तू एवढा हिशोब करतोस, पण कधी येत का नाहीस?" असं ती मागे म्हणाली होती. मी विषय बदलला. अकरा तास एका खुर्चीत बसायचं म्हणजे... जाऊ दे.

पिवळं विमान हडसनच्या उपसागराकडे सरकलं तेव्हा मी उठून दोरा शोधायला लागलो. पृथ्वीगोल केव्हाच भंगारात गेलाय, हे रीळ हातात आल्यावर आठवलं.

रात्री उशिरा तिचा मेसेज आला. "उतरले. पण बॅग यायला पाऊण तास झाला, अजून उभीच आहे." विमानापासून त्या पट्ट्यापर्यंतचं अंतर किती असेल? फार तर अर्धा किलोमीटर.