तुम्ही विचारलंत म्हणून: जोड मोडले आणि कपाट पुरलं

"भर पावसात तुमचे कपडे रोज कोरडे आणि जुळलेले कसे असतात हो? एवढे कपडे घेता तरी कधी?" पतसंस्थेच्या काउंटरवर, एसटीत, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी हे मला किती जणींनी विचारलं असेल! विचारणाऱ्या बहुतेक माझ्यासारख्याच, दोन डबे भरून, एका पोरीची वेणी घालून पावणेनऊची गाडी पकडणाऱ्या. म्हणून नीट सांगते. गेल्या चार वर्षांत मी स्वतःसाठी एकही साडी किंवा ड्रेस विकत घेतलेला नाही. जे घरात होतं तेच वापरते आहे.

चार वर्षांपूर्वीच्या आषाढातली एक सकाळ. पडवीत दोरीवर सात कुर्ते कोरडे होते आणि घालण्यासारखा एकही नव्हता. कारण प्रत्येकाची सलवार ओली. सलवार वरून हाताला कोरडी लागते, पण नेफा दाबून बघा. नाडीच्या चुण्यांत, दुहेरी शिवणीत पाणी दोन-दोन दिवस राहतं. मी तशीच चढवली आणि दिवसभर कमरेशी ती ओल घेऊन खुर्चीवर बसले. संध्याकाळी कातडी लाल झाली होती.

त्या रात्री पोरं झोपल्यावर सगळं कपाट पलंगावर उपसलं. तेवीस साड्या, एकतीस ड्रेस, ओढण्या तर मोजल्याच नाहीत. कपडे कमी नव्हतेच. प्रत्येक कुर्ता आपल्याच सलवारीला आणि आपल्याच ओढणीला बांधलेला होता. तिघांतलं एक ओलं असलं की बाकीची दोन बसून राहायची. म्हणून मी जोड मोडले. खरं सांगायचं तर मी एवढंच केलं, बाकी सगळं त्यातून आपसूक आलं.

खालचे फक्त चार ठेवले: काळा, गडद निळा, चिकू रंगाचा आणि एक मरून. पांढरा मुद्दाम नाही, आमच्या जांभ्याच्या लाल मातीचे शिंतोडे एकदा पोटरीवर उडाले की ते जन्मभर तिथेच. चारांतले तीन सिंथेटिक. सुतीची आवड मलाही आहे, पण सूत हवेतलाच ओलावा धरून ठेवतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना कोरड्या सुती कापडात वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी असतं, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतं. आणि आमच्याकडे जुलैत आर्द्रता ८५च्या खाली क्वचितच उतरते. म्हणून अंगाला लागणारा कुर्ता पातळ सुती आणि खाली झटकन वाळणारं. कुर्ते असे निवडले की कुठलाही कुठल्याही खालच्यावर चालावा. बारा राहिले. त्यांतले पाच दुसऱ्या बाळंतपणानंतर अंगात शिरत नव्हते, पण आमच्या गावचा शिंपी शिवणीत दोन्हीकडे इंचभर कापड दाबून ठेवतो. ते उसवून सैल करून घेतले. उरलेल्या सलवारींच्या कापडाचे प्रत्येक कुर्त्याला आतून खिसे लावले. चाव्या, मोबाइल आणि पोरांचा रुमाल खिशात जातो, हात मोकळे राहतात. हे खिसे नसते तर काय केलं असतं, असं मला अजून वाटतं.

कपाटात वाळलेला कपडा मागे ठेवायचा, घालायचा तो पुढून काढायचा. सकाळी विचार करायचा नाही.

बागेचे कपडे मात्र वेगळेच, दाराआडच्या खुंटीवर. मार्चपासून आंबा उतरायला लागला की देठ मोडताना चीक उडतो, आणि काजूच्या बोंडाचा रस तर धुतल्यावर उलट काळपट होत जातो. दोन जुने ड्रेस त्या कामाला दिले, त्यांच्या डागांची फिकीर नाही.

साड्यांचं सोपं नव्हतं. सुती विटलेल्या चार सासूबाईंनी गोधडीला घेतल्या, काही बोहारणीला दिल्या. आईची इरकल मी जपायची म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली होती. पिशवी सोडली तर कुबट वास, आणि घडीच्या रेघेवर बुरशीचे करडे ठिपके. ओल बाहेरून येते असं आपण धरून चालतो, मी ती आतच कोंडून ठेवली होती. मला रडू आलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नेसूची नाय तर ठेवतंस कित्याक गो ती?" आवाजात राग नव्हता.

आता भारी साड्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेल्या असतात. डांबराची गोळी जरीला लागू देत नाही, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवते. दसऱ्याच्या सुमाराला हवा कोरडी झाली की माजघरात सावलीला पसरते आणि घडी बदलते, म्हणजे एकाच रेघेवर रेशीम चिरत नाही. आणि नेसते. हळदीकुंकवाला, पालखीला, कधी नुसतं कामावरसुद्धा.

इरकलीचे ठिपके पूर्ण गेले नाहीत. रिठ्याच्या पाण्यात धुतल्यावर फिके झाले. गेल्या गणपतीत गौरीच्या दिवशी ती नेसले, तेव्हा ती रेघ नेमकी निऱ्यांच्या आत गेली. लेकीनं पदर हातात घेऊन विचारलं, "ही आजीची ना?"