आधी घरच्यांचं इंटरनेट, मग आमचा प्रयोग

उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटवर संशोधन करायचं तर एका डिशने भागत नाही. एका डिशवर मोजलेला आकडा त्या गच्चीचा, त्या अक्षांशाचा आणि त्या दिवशीच्या हवेचा असतो. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे बरेचसे उपग्रह साधारण 550 किलोमीटर उंचीवरून, विषुववृत्ताशी 53 अंशांचा कोन करून फिरतात. त्यामुळे त्या कोनाजवळच्या अक्षांशांवर, म्हणजे लंडनच्या आसपास, आकाशात त्यांची दाटी असते आणि मुंबईच्या 19 अंशांवर ते बरेच विरळ होतात. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणच्या डिश एकत्र जोडून सगळ्या संशोधकांना वापरता येईल असा सामायिक टेस्टबेड, म्हणजे प्रयोगांसाठीची खरीखुरी यंत्रणा, हवा. मुंबईतल्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवते, तिथे आम्ही काही जणांनी तो उभा करायला घेतला. तांत्रिक काम अवघड होतंच, पण त्याहून जास्त वेळ माणसांशी बोलण्यात गेला. तो द्यावाच लागतो, असं माझं आता ठाम मत आहे.

सुरुवात कायद्यापासून झाली. तेव्हा भारतात स्टारलिंकला परवाना नव्हता. ही सेवा घेऊ नका, असं दूरसंचार विभागाने नोव्हेंबर 2021 मध्येच लोकांना जाहीरपणे सांगितलं होतं. परवाना मिळाला तो जून 2025 मध्ये. "मॅडम, परदेशातून येणारं कोणीतरी सामानातून डिश आणेल," असं एका विद्यार्थ्याने सुचवलं. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. बिनपरवाना डिशवरची मोजमापं छापायची कुठे? आणि ज्यांची सुरुवातच अशी, त्यांच्या हाती कोणी आपल्या घरातलं नेटवर्क का द्यावं? मग कामाची वाटणी ठरली. मुख्य सर्व्हर, प्रयोगांचं वेळापत्रक आणि विश्लेषण मुंबईत. खालच्या कक्षेच्या डिश मात्र जिथे सेवा कायदेशीर आहे तिथे, तिकडे राहणाऱ्या मराठी लोकांच्या घरी.

तुलनेसाठी कॉलेजच्या गच्चीवर परवानाधारक कंपनीकडून एक व्हीसॅट, म्हणजे उपग्रहाशी जोडणारी छोटी डिश, घेतली. तिचा उपग्रह 35,786 किलोमीटरवरचा, भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणारा. पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) वर जाऊन खाली येतं आणि उत्तरही त्याच वाटेने परततं, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेसुद्धा कमीत कमी 477 मिलीसेकंद. 550 किलोमीटरसाठी हेच गणित सात मिलीसेकंदांच्या थोडं वर जातं. प्रत्यक्षात दोन्हीकडे त्याहून जास्त लागतात, कारण मध्ये जमिनीवरची केंद्रं, फायबर आणि पॅकेटच्या रांगा असतात. फळ्यावर केलेलं हे गणित मुलांनी नंतर स्क्रीनवर उमटताना पाहिलं, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. जुलैत धो धो पाऊस आला की ही लिंक आधी मंदावते, मग तुटते. या लिंकच्या केयू बँड नावाच्या पट्ट्यातल्या रेडिओ लहरी पावसाच्या थेंबांत विरतात, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि छत्री धरून सिग्नलचा आकडा खाली येताना बघणं वेगळं. समुद्राच्या खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात, म्हणून प्रत्येक जोड रबरी टेपने घट्ट गुंडाळावा लागला.

परदेशातल्या प्रत्येक घरी राउटरशेजारी एक छोटा कॉम्प्युटर, म्हणजे आमचा डबा, ठेवायचा होता. त्या घरांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, बाहेरून त्या डब्यापर्यंत पोचताच येत नाही. म्हणून डबाच मुंबईच्या सर्व्हरला वायरगार्ड या सॉफ्टवेअरचं टनेल, म्हणजे सुरक्षित खाजगी वाट, उघडतो आणि ते सतत जिवंत ठेवतो. तो अडकला तर त्याचा त्याने पुन्हा सुरू व्हायला हवं. बिघाड झाला म्हणून हजारो किलोमीटरवर माणूस पाठवता येत नाही.

खरा आराखडा मात्र एका फोनवर ठरला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या काकू इंग्लंडमधल्या खेड्यात राहतात. त्यांच्या भागात फायबर पोचलेली नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, तुमचा तो डबा आमचं काय काय बघणार? आणि ह्यांचं डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं चालू असताना तुमचा प्रयोग सुरू झाला तर?"

या दोन प्रश्नांवर आम्ही बरेच दिवस बसलो. डिश आपली स्थिती घरातल्या नेटवर्कवर सांगत असते: किती डेटा जातोय, आकाश कुठे झाकलेलं आहे. डबा फक्त डेटाचा तो एकूण आकडा पाहतो. घरच्यांचं एकही पॅकेट उघडत नाही, साठवत नाही. घरातला वापर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की प्रयोग तत्क्षणी थांबतो, कितीही मोलाचा असो. डब्यावर एक बटण आहे. ते दाबलं की सगळं बंद, कारण सांगायची गरज नाही. हे सारं आम्ही सोप्या मराठीत लिहून काकूंना पाठवलं आणि त्यांनी होकार दिल्यावरच डबा रवाना केला.

पण लिंकची पूर्ण क्षमता मोजायची तर घरचा वापर शून्य हवा. त्यासाठी रविवारच्या मेगाब्लॉकसारखा ब्लॉक घ्यायचं ठरलं: आधी कळवून, घरच्यांच्या संमतीने, तिथल्या रात्री, थोडाच वेळ. पाऊस मात्र वेळापत्रक बघून पडत नाही. म्हणून संशोधक अट नोंदवून ठेवू शकतो: अमुक ठिकाणी पाऊस सुरू झाला की माझी चाचणी चालव. मला या व्यवस्थेतली ही सर्वांत कामाची गोष्ट वाटते.

स्टारलिंकमध्ये कोणती डिश कोणत्या उपग्रहाशी बोलणार याची फेरमांडणी दर 15 सेकंदांनी होते, प्रत्येक मिनिटाच्या 12, 27, 42 आणि 57व्या सेकंदाला. इतर संशोधकांनी हे आधीच दाखवून दिलं होतं. पण आमच्या आलेखावर लेटन्सीच्या, म्हणजे पॅकेट जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या, पायऱ्या बरोबर त्याच सेकंदांना पडलेल्या दिसल्या, तेव्हा प्रयोगशाळेत कोणीच जागेवर बसून राहिलं नाही. यासाठी घड्याळं अचूक हवीत, म्हणून जमलं तिथे जीपीएसवरून वेळ घेतली. या बदलाच्या क्षणी काही पॅकेट हरवतात. इंटरनेटवर डेटा पाठवण्याचे नियम म्हणजे टीसीपी; त्यात वेग ठरवणारा क्युबिक हा प्रकार त्याला रहदारीची कोंडी समजून वेग उतरवतो. बीबीआर हा दुसरा प्रकार अशा हरवण्याला तितकं घाबरत नाही. असे फरक सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली नेटवर्कवर, पूर्ण कळत नाहीत.

वाटून वापरायचं म्हटलं की पाळी कोणाची हा प्रश्न येतोच. 2002 ते 2020 चाललेल्या प्लॅनेटलॅब या टेस्टबेडने जगभरच्या संशोधकांना सामायिक यंत्रं वापरायला शिकवलं. राइप ॲटलस या इंटरनेट मोजणाऱ्या जाळ्यात स्वतःकडे यंत्र ठेवलं की क्रेडिट जमतात आणि त्यांवर इतरांची यंत्रं वापरता येतात. ही पद्धत चोख आहे, पण ज्यांच्याकडे डिशच नाही त्यांनी क्रेडिट कुठून आणायचे? म्हणून आमच्याकडे काही वेळ अशा कॉलेजांसाठी राखीव आहे, आणि त्याबाबत मी कोणाशीही वाद घालायला तयार असते. एका नोडवर, म्हणजे एका डिश-डब्याच्या जोडीवर, वेग मोजणारा प्रयोग एका वेळी एकच चालतो. हलके पिंग, म्हणजे उत्तर किती वेळात येतं ते बघणारे छोटे संदेश, सोबत चालतात. कच्चा डेटा सगळ्यांना खुला असतो, घराचं ठिकाण मात्र फक्त जिल्ह्यापर्यंत सांगितलं जातं.

आमचे बरेचसे नोड उत्तरेकडच्या अक्षांशांवर आहेत, ही मोठी उणीव आहे. केनियात 2023 पासून सेवा चालू आहे आणि नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी जवळ. तिथल्या एका मराठी कुटुंबाशी बोलणं चालू आहे. मुलांच्या परीक्षा असतील तेव्हा डबा बंद राहील, ही त्यांची अट आम्ही मान्य केली आहे. पुढच्या महिन्यात डबा कुरियरने पाठवू.