पोट उघडून दाखवणारा माउस

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात विद्यार्थ्यांना उघडून पाहण्याची मुभा असलेली एकच वस्तू होती आणि ती म्हणजे माउस. सीपीयूच्या पेटीला हात लावायचा नाही, मॉनिटरच्या मागच्या वायरी हलवायच्या नाहीत, विजेच्या बटणांकडे फिरकायचे नाही, असे नियम दारावरच लावलेले होते आणि ते योग्यही होते. माउसच्या बाबतीत मात्र संगणक शिकवणाऱ्या बाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच आम्हाला तळाचे झाकण कसे फिरवायचे, आतला बॉल तळहातावर कसा काढून घ्यायचा आणि रोलरवरचा मळ कसा खरवडायचा हे शिकवले. महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असा शाळेचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. संगणकाचे काम कसे चालते हे मला प्रथम जिथे समजले, ती जागा म्हणजे त्या मळक्या माउसचे पोट होते आणि ते समजावून देणाऱ्या बाईंविषयीची कृतज्ञता नोंदवण्यासाठी ह्याहून चांगली संधी मिळाली नसती.

आजच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी तो माउस पाहिलेला नसेल, म्हणून त्याची रचना थोडी विस्ताराने सांगतो. त्याच्या तळाला एक गोल भोक असे आणि त्यातून रबराचे आवरण असलेला, आतून पोलादी असल्यामुळे आकाराच्या मानाने जड लागणारा बॉल जेमतेम बाहेर डोकावत असे. माउस टेबलावर सरकवला की बॉल फिरे आणि त्याला आतून टेकलेले दोन बारीक रोलर त्याच्याबरोबर फिरत. हे रोलर एकमेकांशी काटकोनात बसवलेले असत. एक माउसची डावी-उजवी हालचाल मोजे, तर दुसरा पुढची-मागची. तिसरे एक छोटे चाक स्प्रिंगच्या दाबाने बॉलला ह्या दोघांकडे रेटून धरे. प्रत्येक रोलरच्या टोकाला बारीक खाचा पाडलेली एक चकती असे, तिच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा इवलासा दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो प्रकाश टिपणारे संवेदक. चकती फिरू लागली की प्रकाश खाचेतून जाई, अडे, पुन्हा जाई, आणि त्या उघडझापीचे ठोके मोजून पडद्यावरचा बाण किती सरकवायचा हे ठरे. ठोके तर दोन्ही दिशांना सारखेच पडणार, मग माउस डावीकडे गेला की उजवीकडे हे संगणकाला कसे कळते, असा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारला होता. त्यावर बाईंनी फळ्यावर आकृती काढून दाखवले की संवेदक दोन असतात, ते किंचित मागेपुढे बसवलेले असतात, आणि प्रकाश आधी कोणावर पडला ह्यावरून दिशा ओळखली जाते. हाताच्या हालचालीचे आकड्यांत रूपांतर होते, हे वाक्य पाठ्यपुस्तकातही होते. पण झाकण उघडून, बोटाने रोलर फिरवून आणि दुसऱ्या टोकाला फिरणारी चकती पाहून ते जसे पटले, तसे पुस्तकातून पटले नव्हते.

मळाचा प्रश्न ह्याच रचनेतून निर्माण होत असे. बॉल टेबलावरून किंवा पॅडवरून फिरताना धूळ, कापडाचे बारीक तंतू आणि दिवसभरात तिथे बसलेल्या सगळ्यांच्या हातांचा घाम व तेलकटपणा सोबत उचली आणि आत नेऊन रोलरवर चोपडी. बॉल रोलरला मधोमध टेकत असल्यामुळे मळ नेमका मधोमध, पट्ट्यासारखा साचे आणि दाबाखाली कडक होई. असा थर चढला की रोलरचा घेर वाढतो, म्हणजे बॉल तेवढाच फिरला तरी रोलर कमी फिरतो आणि बाण हळू सरकतो. थर कुठे जाड तर कुठे पातळ असेल तर बाण अडखळतो, मध्येच उडी मारतो, आणि मळ गुळगुळीत झाला असेल तर बॉल रोलरवरून नुसता घसरतो. प्रत्येक तासाला वेगळा वर्ग येणाऱ्या आमच्या कक्षात हे सतत घडे. घरातला एकाच्या वापरातला माउस बरेच दिवस न उघडता चालू शकतो. जिथे दिवसभर वर्गामागून वर्ग येतात तिथला माउस आठवडाभरही तग धरत नाही.

बाईंची शिकवण्याची पद्धत अशी होती की ‘माउस चालत नाही’ एवढी तक्रार त्या ऐकून घेत नसत. “कुठे अडतो ते सांग,” असे त्या म्हणत. मग आम्ही पेंट हा चित्रे काढण्याचा प्रोग्राम उघडून एक तिरकी रेघ ओढायचो. रेघ सरळ तिरकी आली तर रोलर स्वच्छ. पायऱ्यापायऱ्यांची आली तर एक रोलर अडतो आहे. आता कोणता, हे पायऱ्यांच्या आकारावरून ओळखायचे. बाण आडवा नीट सरकतो आणि उभा अडतो, असे दिसले तर दोष आडव्या बसवलेल्या रोलरमध्ये, कारण माउस पुढेमागे केल्यावर फिरतो तो आडवा रोलर. हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, आणि बॉल तळहातावर पुढे लोटून पाहिला की लगेच उलगडते. झाकण उघडण्यापूर्वी अंदाज सांगायचा, मग उघडून तो खरा ठरतो का हे पाहायचे, हा बाईंचा आग्रह होता. विज्ञानाच्या प्रयोगवहीत अनुमान हा रकाना आम्ही वर्षानुवर्षे भरत होतो, तरी त्याचा उपयोग मला माउसपाशी कळला, हे मी आजही आवर्जून सांगतो.

साफसफाईचेही नियम होते आणि प्रत्येक नियमामागचे कारण सांगितले जाई. माउस संगणक सुरू करण्यापूर्वी साफ करायचा, आणि त्याची गोल पिनेची वायर चालू संगणकातून उपसायची नाही. त्या जोडणीची रचना चालू यंत्रात काढघाल करण्यासाठी केलेलीच नव्हती आणि वायर पुन्हा लावली तरी संगणक बंद करून सुरू केल्याशिवाय बाण सहसा हलत नसे. झाकण त्यावरच्या खुणेच्या बाणाने दाखवलेल्या दिशेने फिरवायचे, ते निघाले की माउस सुलटा करण्यापूर्वी दुसरा हात खाली धरायचा, नाहीतर बॉल टेबलाखाली पळतो आणि तास त्याला शोधण्यात जातो. बॉल साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा, तंतू न सुटणाऱ्या फडक्याने पुसायचा आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच आत ठेवायचा. बॉलच्या रबराला स्पिरिट लावायचे नाही, कारण त्याने रबर कोरडे पडून त्याची पकड कमी होते. रोलरसाठी मात्र कापूस गुंडाळलेली काडी स्पिरिटमध्ये जेमतेम ओली करून वापरायची. मळाचा पट्टा फार कडक असेल तर नखाने किंवा लाकडी काडीने खरवडायचा. धातूचे टोक वापरले तर रोलरवर ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांत पुढचा मळ अधिक घट्ट बसतो. खरवडताना मळ पेन्सिलीला टोक करताना निघणाऱ्या सालीसारखा वळत सुटे. तो आत पडू न देता बाहेर काढायचा, हे सर्वांत महत्त्वाचे, कारण आत पडलेला तुकडा खाचांच्या चकतीत अडकला तर बाण एका दिशेला कायमचाच बंद पडतो.

माउस दुरुस्त होईपर्यंत काम थांबवायचे नाही, अशीही शिस्त होती. टॅबने एका रकान्यातून दुसऱ्यात जाणे, ऑल्ट दाबून मेनू उघडणे, बाणांच्या बटणांनी हवे ते निवडणे हे आम्ही त्यामुळेच शिकलो. डावीकडचे ऑल्ट, डावीकडचे शिफ्ट आणि नम लॉक ही तिन्ही बटणे एकदम दाबली की विंडोजमध्ये अंकांच्या बटणांनी बाण हलवता येतो, हे बाईंनी दाखवले तेव्हा वर्गात आनंदाची लाट उसळली होती. ज्यांना हाताच्या व्याधीमुळे माउस धरता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय केलेली आहे, हे त्यांनी त्याच वेळी सांगितले आणि ते मला फार मोलाचे वाटते.

माउसची गैरसोय मळापुरती नव्हती. एका संगणकावर दोघे बसायचे, माउस मात्र उजवीकडे, सीपीयूच्या पेटीमागून आलेली त्याची वायर भिंत आणि टेबल ह्यांच्यामध्ये अडकलेली, त्यामुळे डावीकडे बसणाऱ्याला तो मिळेपर्यंत तास संपत आलेला असे. माझा जोडीदार डावखुरा होता. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन दोन्ही बटणांची कामे उलटी करता येतात, पण सामाईक संगणकावर तसे केले की पुढच्या तासाच्या विद्यार्थ्याची दाणादाण उडते. बाईंनी त्याला सुचवले की माउस डावीकडे घ्यावा आणि बटणे न बदलता डाव्या बटणावर मधले बोट ठेवून काम करावे. आमच्या कक्षातले माउस दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचे होते म्हणून ते जमले. उजव्या हाताच्या वळणाने घडवलेला माउस असता तर त्याची खरोखरच अडचण झाली असती. सार्वजनिक ठिकाणी दोन्ही हातांना चालणारेच माउस असावेत असे माझे स्पष्ट मत तेव्हापासून आहे.

बॉल हरवणे किंवा खेळायला नेला जाणे ही त्या काळातल्या सगळ्याच संगणक कक्षांची डोकेदुखी होती. काही ठिकाणी झाकणे डिंकाने चिकटवून टाकली जात. म्हणजे बॉल सुरक्षित राही आणि माउस मळाने मरे. आमच्या कक्षात तास संपताना प्रत्येकाने आपला माउस पॅडवर उताणा ठेवायचा, म्हणजे वर्गप्रमुखाला एका नजरेत सगळे बॉल जागेवर आहेत की नाहीत हे दिसे. उपाय साधा होता, आणि त्यात झाकण उघडण्याची मुभा शाबूत राहिली होती.

पुढे शिकायला गेल्यावर माउसचा इतिहास वाचनात आला आणि शाळेत हाताळलेल्या बॉलचे त्यातले स्थान कळले. डग्लस एंगेलबार्ट ह्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश ह्यांनी १९६४ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये घडवलेल्या पहिल्या माउसला बॉल नव्हताच. लाकडी ठोकळ्याच्या तळाला काटकोनात बसवलेली दोन चाके होती, आणि एक चाक फिरताना दुसरे टेबलावरून आडवे घसरत असे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगेलबार्ट ह्यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. त्याच वर्षी जर्मनीच्या टेलिफुंकन कंपनीने गोळा बसवलेला आपला माउस बाजारात आणला, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बिल इंग्लिश ह्यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात चाकांच्या जागी बॉल आणला. बॉल कोणत्याही दिशेला सहज फिरतो, म्हणून चाकांचे घसरणे संपले. पण टेबलावरची धूळ आत नेणारी वाटही त्याच बदलाने उघडली. आम्ही खरवडत होतो तो मळ म्हणजे एका जुन्या अडचणीवरच्या चांगल्या उत्तराची किंमत होती, हे समजल्यावर मला त्या माउसविषयी अधिकच आपुलकी वाटू लागली.

ही वाट पुढे प्रकाशीय माउसने बंद केली. त्याचे प्रयोग १९८० च्या दशकारंभीच झाले होते, पण त्यांना रेघा किंवा ठिपके छापलेले खास पॅड लागे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोणत्याही साध्या पृष्ठभागावर चालणारा माउस आणला. त्याच्या पोटातला लाल दिवा टेबलावर तिरका प्रकाश टाकतो, एक छोटा कॅमेरा पृष्ठभागाची सेकंदाला १५०० छायाचित्रे टिपतो, आणि लागोपाठच्या छायाचित्रांतला फरक मोजून बाण सरकवला जातो. फिरणारा भागच नाही, म्हणून रोलरवरचा मळही नाही. शाळांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली आणि जुन्या दिवसांच्या ओढीपोटी तिला कमी लेखणे बरोबर होणार नाही. तरीही सामाईक माउस आजही मळतोच. तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांवर काळा थर जमून तो जड सरकू लागतो, भिंगाच्या खळग्यात एखादा केस अडकला की बाण थरथरतो, मधल्या चाकाच्या फटीत धूळ भरते, आणि अंगठा टेकतो ती बाजू चिकट होते. संगणकापासून माउस सोडवून, किंचित ओलसर फडक्याने आणि मऊ ब्रशने हे सारे काही मिनिटांत निघते. फक्त उघडून पाहण्यासारखे त्यात विद्यार्थ्यासाठी आता फारसे उरलेले नाही. झाकण उघडले तरी दिसते ती एक काळी चकचकीत चिप, आणि मोजणी कशी होते ते तिच्याकडे पाहून कळत नाही.

म्हणून शाळेला माझी एक विनंती आहे. नव्या संगणक कक्षाच्या एका टेबलावर बॉलचे काही जुने माउस ठेवावेत, त्यातला एखादा वरचे कवच काढून, चकत्या आणि दिवे दिसतील असा मांडावा, आणि बाकीचे मुलांनी हाताने उघडण्यासाठी असावेत. माझ्याकडे असे माउस आहेत ते मी पाठवत आहे. इतर माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या माळ्यावर किंवा कपाटात एखादा पडून असेल तर त्यांनीही तो द्यावा; त्याची वायर तुटलेली असली, बटणे बिघडलेली असली तरी चालेल. बॉल आत आहे आणि तळाचे झाकण फिरते आहे एवढे पाहून घ्यावे, आणि रोलरवर मळ असेल तर तो तसाच राहू द्यावा, मुले तो आपल्या हाताने काढतील.