मानासासचं दगडी घर आणि 1862 च्या कॅमेऱ्याची जागा

वॉशिंग्टनहून इंटरस्टेट 66 ने साधारण 50 किलोमीटर आलं की 47 क्रमांकाच्या एक्झिटला सडली रोड धरायचा. उजव्या हाताला हेन्री हिल लागते आणि पुढच्या सिग्नलपलीकडे दगडी घर. अमेरिकन यादवीतली पहिली मोठी लढाई इथे, व्हर्जिनियातल्या मानासासला, 21 जुलै 1861 ला झाली. छायाचित्रकार जॉर्ज बर्नार्डने घराचा फोटो काढला तो मात्र मार्च 1862 मध्ये. तोवर हा मुलूख दक्षिणेच्या सैन्याकडे होता. ते मागे हटल्यावरच बर्नार्ड आणि त्याचा सहकारी जेम्स गिब्सन काचा, रसायनं घेऊन इथे पोचले. तेव्हा फोटोत लढाई शोधू नका, घर बघा आणि बर्नार्डचा कॅमेरा नेमका कुठे उभा होता ते शोधा.

भिंती तांबूस वालुकाश्माच्या, पण फोटोत काळपट. तेव्हा फोटो कलोडियन नावाच्या चिकट द्रावणाचा ओला थर दिलेल्या काचेवर घेत. ही काच निळा प्रकाश पकडते, लाल तिला जवळजवळ दिसतच नाही. आभाळ कोरं पांढरं येतं तेही त्यामुळेच. कलोडियन काचेवर ओतून चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवायचं, उरलेलं बाटलीत परत घ्यायचं, मग काच तीन-चार मिनिटं अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांच्या आत फोटो घेऊन फेरस सल्फेटने डेव्हलप करून मोकळं व्हायचं. उशीर झाला की थर सुकतो, चांदीच्या क्षाराचे स्फटिक धरतात आणि कडेने शिंपल्यासारखे डाग चढतात. धुळीचा एक कण बसला तरी शेपटीवाला ठिपका उमटतो. मोठ्या स्कॅनमध्ये असे डाग हुडकायला मला फार आवडतं. तिथे त्या माणसाची घाई दिसते.

हे स्कॅन लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ए4 वर छापून सोबत न्या. धुराड्याची कड आणि तिच्या पुढे किंवा मागे असलेली दुसरी एखादी कड निवडा. डावीउजवीकडे सरकत त्या दोन्ही फोटोतल्यासारख्या जुळल्या की कॅमेऱ्याची दिशा मिळाली. भिंत तिरकी दिसत असेल तर जवळच्या आणि लांबच्या खिडकीच्या उंचीचं गुणोत्तर मोजा. त्यावरून पुढे जायचं की मागे ते ठरतं. इथे बहुतेक जण फोनचा झूम वापरतात आणि फसतात. झूमने चित्र मोठं होतं, खिडक्यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. पाय हलवावेच लागतात. घरासमोरच्या चौकातल्या दोन्ही रस्त्यांवर वाहनं सुसाट असतात, सिग्नललाच ओलांडा.

जायचं तर मार्चमध्येच. झाडं निष्पर्ण असतात आणि सूर्याची उंचीही फोटोतल्याइतकीच. दर्शनी भिंत दक्षिणेला, त्यामुळे वळचणीची सावली वेळ सांगते. फक्त घड्याळावर जाऊ नका: उन्हाळी वेळ लागू झालेली असते, म्हणजे घड्याळं तासभर पुढे असतात, मार्चच्या मध्याला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी 1:20 च्या सुमाराला.

हेन्री हिलवरच्या घराबाबत मात्र हा खटाटोप करू नका. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध ज्युडिथ हेन्री तिथे तोफगोळ्याने गेल्या. बर्नार्डच्या फोटोत त्या घराचे नुसते अवशेष आहेत. आज दिसतं ते घर 1870 च्या सुमाराचं, शेजारचं स्मारक जून 1865 चं.

दगडी घराच्या वरच्या खोलीत जमिनीच्या फळ्यांवर जखमी सैनिकांनी कोरलेली नावं आहेत. ती ऑगस्ट 1862 च्या दुसऱ्या लढाईतली, म्हणजे फोटोनंतर पाच महिन्यांची. घर रोज उघडं असेलच असं नाही; आधी हेन्री हिलच्या माहिती केंद्रात विचारून घ्या.