तात्पुरतं 0.80

आमच्या हवामानाच्या संगणकीय मॉडेलमध्ये सप्टेंबर उजाडला, तरी आर्क्टिकचा बर्फ हटायचं नाव घेईना. वर्षातला सर्वांत कमी बर्फ याच महिन्यात असतो. आमच्या नकाशावर मात्र पांढरंशुभ्र.

आदल्याच आठवड्यात ढगांच्या कोडमध्ये दुरुस्ती झाली होती. ढग वाढले आणि जूनमध्ये खाली पोचणारं ऊन निरीक्षणांशी जुळू लागलं. तरीही सगळ्यांचा संशय त्या दुरुस्तीवरच. माझाही.

शेवटी ग्रिडचा एकच चौकोन घेतला आणि जून दिवसादिवसाने उलगडून पाहिला. पृष्ठभागाचं तापमान शून्याला टेकलेलं, बर्फावरचं हिम ओलं झालेलं, पण त्याचा आल्बेडो, म्हणजे पडलेल्या उन्हापैकी परत फेकला जाणारा वाटा, 0.80 वरून ढळत नव्हता. हे खटकलं. ताजं, कोरडं हिम 80 ते 90 टक्के ऊन परतवतं. भिजलं की त्याचे कण मोठे होतात, प्रकाश आत खोल मुरतो आणि आल्बेडो 0.7 च्या आसपास उतरतो. मग उघडा बर्फ, मग त्यावर साचलेली डबकी, 0.2 ते 0.4 ची, आणि शेवटी 0.06 चा काळा समुद्र. 1997-98 च्या 'शीबा' मोहिमेत ब्युफोर्ट समुद्रात जहाज बर्फात गोठवून हा सगळा उतार मोजला होता. आमचं हिम पहिल्याच पायरीवर अडलेलं.

कागदाच्या कडेला हिशेब मांडला. चौरस मीटरला सरासरी 300 वॅट ऊन धरलं, तर 0.1 च्या फरकाने 30 वॅट जास्त शोषले जातात. म्हणजे रोज साधारण साडेआठ मिलिमीटर बर्फ जास्त वितळतो. दहा दिवसांत साडेआठ सेंटिमीटर, आणि डबक्यांची सुरुवातही तेवढी आधी.

सेटिंगची फाइल उघडली. त्या ओळीशेजारी शेरा होता: 'ओलं हिम 0.80. बर्फ फार लवकर जातो. तात्पुरतं.' खाली माझीच आद्याक्षरं, दोन वर्षांपूर्वीची तारीख.

मग आठवलं. तेव्हा ढग विरळ होते, ऊन जास्त पडत होतं, बर्फ ऑगस्टमध्येच संपायचा. मी हिम उजळ केलं, बर्फाचा विस्तार उपग्रहाच्या आकड्यांशी जुळला, बैठकीत कौतुकही झालं. एका चुकीवर दुसरीचं ठिगळ. मूळ चूक निघाली, ठिगळ तेवढं राहिलं.

बैठकीत ती ओळ पडद्यावर दाखवली. कुणीतरी हळूच विचारलं, "असे 'तात्पुरतं' अजून किती आहेत?" तिथेच शोध घेतला. अकरा. त्यातले चार माझे.