आमची वाटचाल: आधी डाळ शिजवायची, मग कट्टा शिवायचा

आमच्या डाळमिलमध्ये वजनकाट्याच्या बाजूला गॅसची एक शेगडी आणि झाकणाचं पातेलं आहे. माल घ्यायला आलेल्यांना वाटतं, कामावरच्या बायकांच्या चहासाठी असेल. चहा होतोच, पण शेगडी आणली ती डाळीसाठी. प्रत्येक ढिगातली वाटीभर डाळ कुकरविना शिजवून बघितल्याशिवाय कट्ट्याचं (पोत्याचं) तोंड शिवायचं नाही, हा आमचा नियम आहे. तो एका चुकीतून आला.

आम्ही निलंगा तालुक्यातले, कोरडवाहू शेतीवाले. सोयाबीनमध्ये तूर आणि रब्बीला हरभरा, हे घरचं पीक. तूर मोंढ्यावर (धान्याच्या बाजारात) न्यायची, मिळेल त्या भावाने घालायची आणि पुन्हा दुकानातून डाळ विकत आणायची, हे आत्यांना (माझ्या सासूबाईंना) कधीच पटलं नाही. त्या घरापुरती डाळ घरीच करायच्या. तुरीला तेलाचा हात लावून रात्रभर पोत्याखाली दडपून ठेवायच्या, मग दोन-तीन उन्हं द्यायच्या आणि जात्यावर भरडायच्या. 2009 साली आम्ही कर्ज काढून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली पीकेव्ही मिनी डाळमिल घेतली, तेव्हा मला वाटलं होतं, आता हे सगळं यंत्रच करील. तसं झालं नाही. तुरीची साल आणि डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. रोलरवर सालीला ओरखडे पाडायचे, त्यातून तेल आत मुरू द्यायचं, वाळवायचं, पाणी शिंपडून पुन्हा मुरवायचं आणि वाळवायचं, एवढं केल्यावर ती साल सोडते. घाई केली की डाळ कमी आणि चुनी (भरडताना पडणारा चुरा आणि साल) जास्त. आत्या खळ्यावर बसून मूठभर तूर तळहातावर चोळायच्या आणि सांगायच्या, "अजून एक ऊन पाहिजे." त्यांचं ऐकायला लागलो, तेव्हा शंभर किलोला सत्तर-बहात्तर किलो डाळ हातात यायला लागली.

पहिली दोन वर्षं गावकऱ्यांची तूर, हरभरा, मूग भरडून द्यायचं काम केलं. 2011 मध्ये पहिल्यांदा स्वतःची डाळ विकायला काढली. पुण्यातल्या एका सोसायटीतल्या बायकांनी मिळून तीन कट्टे घेतले. आठव्या दिवशी फोन आला, "ताई, वरणात निम्मी डाळ मेणासारखी शिजते आणि निम्मी तळाला खड्यासारखी राहते." चूक आमची होती. मागच्या वर्षीची शिल्लक तूर आणि नवी तूर, पांढरी आणि तांबडी, सगळी एकत्र भरडली होती. उकाड्यात, दमट हवेत वर्षभर पडलेली तूर उशिरा शिजते. त्यात बोअरचं जड पाणी असलं, की आणखी उशीर. तिन्ही कट्टे परत आणले, पैसे दिले. त्याच आठवड्यात ही शेगडी आली.

तेव्हापासून वाणाप्रमाणे ढीग वेगळे. बदनापूरच्या संशोधन केंद्राची पांढरी बीडीएन-711 लवकर हाताशी येते, तांबडी बीएसएमआर-736 उशिरा. दोन्हींची डाळ दिसायला जवळपास सारखी, पण एका पातेल्यात घातली तर वेळ जुळेलच असं नाही. आता पाकिटावर वाण आणि काढणीचं वर्ष लिहितो.

2015 च्या दिवाळीच्या आसपास तूरडाळ किलोला दोनशेच्या वर गेली. त्या दिवसांत एका व्यापाऱ्याने आम्हाला तुरीत लाखेची डाळ मिसळायचा सल्ला दिला, "गिऱ्हाईकाला कळत नाही" म्हणाला. लाखेचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूला निमुळता असतो, पण डाळ झाल्यावर नवख्याला तुरीत ओळखू येत नाही. ती रोज जास्त खाण्यात आली, तर तिच्यातल्या विषारी घटकाने पाय लुळे पडतात. अशी डाळ मिलच्या दारातसुद्धा नको, हे आम्ही त्याला उभ्या उभ्याच सांगितलं.

पुढचा उन्हाळा पाण्याचा होता. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आम्ही टँकरवर होतो. मुरवण्यापुरतं पाणी कसंबसं पुरायचं, चकाकीसाठी पाणी मारून पॉलिश करायला कुठून आणणार? म्हणून तशीच फिकट, खरखरीत डाळ विकली. वरण दाट होतं, चव पूर्वीसारखी लागते, असे निरोप आले. पाऊस आला तरी पॉलिश पुन्हा सुरू केलं नाही.

त्याच पावसाने तूर उदंड पिकवली. हमीभाव बोनससह क्विंटलला 5,050 रुपये होता आणि मोंढ्यावर त्याच्या खाली सौदे होत होते. आमच्याकडे महाग घेतलेली जुनी तूर पडून होती. ते वर्ष चुनीने तारलं. दुभत्या जनावरांसाठी ती आसपासचे लोक घेऊन जात.

बाकी डाळींचं थोडक्यात. हरभरा सालीला हट्टी नाही. पुरणासाठी आम्ही जाकी वाणाची डाळ वेगळी ठेवतो. मूग नाजूक, रोलर जरा कसला की चुरा. ऐन काढणीत पाऊस लागलेला मूग आम्ही घेतच नाही, त्याची डाळ काळपट पडते. मसूर आमच्या भागात पिकत नाही, तर ती बाहेरून आणून आमच्या नावाने विकत नाही. हुलगा मात्र मी हट्टाने ठेवला. हुलग्याच्या पिठाचं माडगं आमच्याकडे आजारी माणसाला आणि पावसाळ्यात सगळ्यांनाच लागतं, आणि कोकणातल्या दोन गिऱ्हाइकांना पिठल्यासाठी दर महिन्याला कुळीथ म्हणून तोच जातो.

2024 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं. फार आनंद झाला. आमचं गाव बोरसुरी नाही, त्यामुळे ते नाव आमच्या पाकिटावर येणार नाही. कुणी विचारलं तर आम्ही बोरसुरीच्या शेतकऱ्यांचा पत्ता देतो.

आत्या आता खळ्यावर उतरत नाहीत. नव्या तुरीचा पहिला ढीग झाला की वाटीत शिजलेली डाळ घेऊन मी घरी जाते. त्या बोटाने दाबून बघतात, मीठसुद्धा न घालता चाखतात. यंदा पहिल्या ढिगाला "अजून एक ऊन" म्हणाल्या. वाळवण पुन्हा पसरलं आहे, म्हणून या महिन्याच्या ऑर्डरी चार दिवस उशिरा निघतील.