खोपोलीपासून वर, मामाच्या फियाटमधून

मामाची गाडी १९७४ची. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण आमच्या घरात ती कायम फियाटच. पनवेलहून लोणावळ्याला निघालो ते एक्सप्रेसवे टाळून, जुन्या हायवेने. पुढे मामाची फियाट, मागे माझी स्विफ्ट. खोपोलीला चहा झाल्यावर स्विफ्टची किल्ली मामेभावाच्या हातात दिली आणि फियाटचं स्टिअरिंग मागून घेतलं.

टपरीसमोर दोघी शेजारी उभ्या होत्या, तेव्हा पाहिलं तर लांबीत फारसा फरक नाहीच. दोन्ही चार मीटरच्या आत. २००६ मध्ये सरकारने लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली, तेव्हा पेट्रोल गाडीसाठी अट होती चार मीटर लांबी आणि १२०० सीसी इंजिनाची. फियाटचं इंजिन १०८९ सीसी. म्हणजे अख्खं आजोळ जिच्यात कोंबून देवदर्शनाला जायचं, ती आजच्या हिशेबाने 'स्मॉल कार'! पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढेही तिघं बसायचे.

खोपोलीनंतर लागतो तो बोरघाट. स्विफ्टमध्ये तो मला कधी जाणवतच नाही. एसी, गाणी, की आलं लोणावळा. फियाटची ताकद तिच्या निम्मी, चाळीसेक हॉर्सपॉवर. दुसऱ्या गिअरवर इंजिनाचा आवाज ऐकत चढायचं, आणि पॉवर स्टिअरिंग नाही म्हणून प्रत्येक वळणाला दोन्ही खांदे कामाला लावायचे. पुढच्या दाराच्या खिडकीतली छोटी त्रिकोणी काच मात्र जरा फिरवली की वारा थेट छातीवर येतो. ती काच नव्या गाड्यांतून का काढली, देव जाणे.

शिंग्रोबाच्या देवळापाशी मामाने थांबायला लावलं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो हाच, असं सांगतात. "पाया पड, तोवर गाडीही दम खाईल." बॉनेट उघडून त्याने टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं. हा पंप इंजिनालाच चिकटलेला. चढावर इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत बसतो आणि पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर उपाशी. स्विफ्टचा पंप टाकीत, तोही विजेवरचा. तिथून पेट्रोल दाबाने पुढे येतं, त्यामुळे ही भानगडच नाही. मामाने तिचंही बॉनेट उघडलं, प्लास्टिकचं झाकण बघितलं आणि बंद केलं. "यात माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही रे!"

येताना मी मुकाट्याने स्विफ्टमध्ये बसलो. फियाटच्या चारही चाकांना जुन्या धाटणीचे ड्रम ब्रेक, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, एअरबॅग नाही. बोरघाटाच्या उतारावर, मागे कंटेनर असताना, फियाटचं प्रेम मला परवडत नाही. मामाला परवडतं. तो पूर्ण उतार दुसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर उतरला आणि मागच्यांचे हॉर्न खुशाल ऐकत राहिला.

पन्नाशी उलटल्यामुळे आता तिला 'व्हिंटेज' म्हणून व्हीए अक्षरांची नंबरप्लेट घेता येईल, असं मी सुचवून पाहिलं. २०२१च्या नियमानुसार अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. मामाने तिथेच विषय संपवला: "मग भाजी आणायला काय तुझी गाडी नेऊ?"